वावरात सापडलेला मोठा ससा कोणत्या जातीचा असावा?

काळीमाती (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या शेतात सापडलेल्या एका मोठ्या सशाची जात ओळखण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

सोयाबीनची मळणी आटोपल्यावर धुऱ्याला लावून ठेवलेल्या कुटाराच्या ढिगात हा ससा दडून बसला होता. गावातली कुत्री ढिगाभोवती उकरू लागली, तेव्हा आमच्या सालदाराने त्याला बाहेर काढले आणि कोंबड्या झाकायच्या डाल्याखाली घालून घरी आणले. ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लावली, आजूबाजूच्या गावांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फोटो टाकले, आठवडी बाजारातही विचारणा केली. पण तो आपला असल्याचे कोणी सांगितले नाही. त्यामुळे कोठ्यालगतच्या खोलीत तो आता कायमचा मुक्कामाला आला आहे, असे आम्ही धरून चाललो आहोत.

अंगाने तो चांगलाच थोराड आहे. माझ्या माहेरी पांढरे ससे होते, त्यांच्याहून हा बराच मोठा दिसतो. पाठीचा रंग तपकिरीकडे झुकणारा राखी असून त्यावर काळसर झाक आहे, पोट आणि शेपटीची खालची बाजू पांढरट आहे, उभ्या कानांच्या कडा काळ्या आहेत आणि कपाळावर तिळापेक्षा थोडा मोठा असा एक पांढरा ठिपका आहे. गळ्याखाली बैलाच्या पोळीसारखी कातडीची जाड घडी लोंबते. डोळे गडद तपकिरी आहेत. माणसाला तो फारसा बुजत नाही. हात लावला की जागच्या जागी बसून राहतो.

जातीबद्दल गावात एकमत नाही. शेजारचे काका म्हणतात की रंग पाहता हा रानससाच आहे, फार तर रानससा आणि पाळीव ससा यांचा संकर असेल. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या एका कर्मचाऱ्याने लांबूनच पाहून तो 'न्यूझीलंड' असल्याचे सांगितले. नागपूरला शिकणारा माझा भाचा फोटो पाहून ठामपणे म्हणाला की हा फ्लेमिश जायंट आहे आणि त्याची किंमत काही हजारांत जाईल. किंमतीशी मला कर्तव्य नाही, कारण तो विकायचा नाही. पण तो आणखी वाढणार आहे का, त्याला जागा किती लागेल, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा त्याला सोसेल का, हे जातीवर अवलंबून असेल असे वाटते, म्हणून विचारते आहे. तो रानससा असेल तर घरात ठेवणे योग्य नाही, हेही मनात आहेच.

पूर्णाकाठ (जि. अमरावती)

ताई, फोटोवरून जात सांगण्याचे धाडस मी करणार नाही, पण हा प्राणी कुठून आला असावा याचा अंदाज देऊ शकतो, आणि माझ्या मते जातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागात ससेपालनाची लाट आली होती. गावोगाव सभा घेऊन, सात माद्या आणि तीन नर असा दहा सशांचा एक युनिट शेतकऱ्याला विकायचा, पिंजरे आणि खाद्यही आपणच पुरवायचे आणि तयार झालेला माल ठरलेल्या भावाने परत घेण्याचा करार करायचा, असा तो व्यवहार होता. मीही असा युनिट घेतला होता. सुरुवातीला माल उचलला गेला, मग गाडी येणे लांबत गेले आणि शेवटी फोनही लागेनासे झाले. शेडमध्ये पिल्लांवर पिल्ले होत राहिली, खाद्याचा खर्च अंगावर आला, आणि लोकांनी ससे नातेवाइकांना वाटले, बाजारात मिळेल त्या भावाने विकले, काहींनी तर सरळ सोडून दिले.

त्या युनिटमध्ये पांढरे लाल डोळ्यांचे, राखी आणि तुमच्या सशासारखे रानरंगी असे सर्व प्रकार एकत्र असत. विकणारे त्यांना न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला आणि ग्रे जायंट म्हणत. पहिल्या पिढीपुरती ती नावे बरोबर असतीलही. पण कोणत्या मादीला कोणता नर दाखवला याची वही आमच्यापैकी फारच थोड्या जणांनी ठेवली होती, आणि करार मोडल्यावर तर कोणीच ठेवली नाही. आज विदर्भात खेड्यापाड्यांत जे मोठे ससे दिसतात त्यांतले पुष्कळसे त्या मिसळीचे नातू-पणतू असावेत, असा माझा तर्क आहे. तुमच्या सशाच्या मागच्या पायांचे तळवे उलटून पाहा. जाळीच्या पिंजऱ्यात वाढलेल्या जड सशाच्या टाचेजवळचे केस झडलेले असतात आणि तिथे घट्टा पडतो. तसे दिसले तर तो शेडमधलाच आहे असे समजा.

पशुवैद्य_वऱ्हाड

पूर्णाकाठ यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याकडे नंतर येतो. आधी रानसशाची शंका निकालात काढू, कारण तिला कायद्याची बाजू आहे.

आपल्या माळांवर दिसणारा रानससा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे आणि तो पाळता येत नाही. असा प्राणी जखमी सापडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. परंतु तुम्ही वर्णन केलेला प्राणी रानससा नाही. आपल्याकडच्या रानसशाच्या मानेच्या मागच्या बाजूला काळा पट्टा असतो, अंग सडपातळ आणि पाय लांबसडक असतात, डोळ्यांचा रंग फिकट असतो आणि गळ्याखाली अशी पोळी कधीच नसते. शिवाय हात लावल्यावर तो शांत बसत नाही. धडपडून स्वतःला इजा करून घेतो. संकराची शक्यताही सोडून द्या. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात आणि पाळीव सशाच्या पेशीत ४४. दोघे वेगवेगळ्या वंशाचे प्राणी आहेत आणि त्यांची संतती होत नाही. रानसशाची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात, तर पाळीव सशाची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात, एवढा त्यांच्यात फरक आहे. रानरंग हा पाळीव सशांचाही मूळ रंग आहे, कारण ते ज्या युरोपातल्या जंगली सशापासून आले त्याचा रंग तोच होता. तेव्हा रंगावरून तुमच्या काकांचा समज होणे स्वाभाविक असले, तरी त्याला आधार नाही.

आता जातीकडे वळू. एक किलोच्या बुटक्या सशापासून सात किलोच्या जायंटपर्यंत सर्व पाळीव ससे एकाच प्रजातीचे आहेत, आणि जात म्हणजे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पक्के केलेले वजन, बांधा, कान आणि केस. म्हणून केवळ चेहरा पाहून जात सांगता येत नाही. काही मापे लागतात. कृपया पुढील माहिती कळवा.

वजनासाठी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालेल. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये तळाला पोते अंथरून सशाला बसवा आणि नंतर क्रेटचे वजन वजा करा. वजनासाठी त्याला उपाशी मात्र ठेवू नका. सशाचे आतडे थांबले तर ते पुन्हा सुरू करणे फार अवघड जाते. कानाची लांबी शिवणकामाच्या टेपने बुंध्यापासून टोकापर्यंत मोजा. कानाच्या आतल्या बाजूला बॅटरीचा प्रकाश पाडून गोंदलेला आकडा किंवा बिल्ल्याची खूण दिसते का ते पाहा, कारण नोंदी ठेवणाऱ्या प्रक्षेत्रांवर कानात गोंदण्याची किंवा बिल्ला लावण्याची पद्धत आहे. सर्व नखांचा रंग पाहा. आणि सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पाठीच्या मध्यावर, कातडीच्या जवळून हळूच फुंकर मारा. केस भोवऱ्यासारखे उघडतील आणि त्यांत रंगांची वलये दिसतील. ती कोणत्या क्रमाने आहेत ते लिहा.

गळ्याखालची पोळी मोठी आहे, त्यावरून ती बहुधा प्रौढ मादी असावी. तसे असेल आणि ती कुठल्या नराबरोबर होती हे माहीत नसेल, तर महिनाभर लक्ष ठेवा. सशाचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा असतो. ती तोंडात गवत घेऊन कोपऱ्यात रचू लागली किंवा छातीचे केस उपटू लागली, तर लगेच एक खोके गवतासह तिच्याजवळ ठेवा.

संत्रानगरी (नागपूर)

भाच्याच्या फ्लेमिश जायंटबद्दल थोडे लिहितो, कारण नागपूरच्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात हे नाव आजकाल कोणत्याही मोठ्या सशाला चिकटवले जाते आणि त्यावर भरपूर पैसे उकळले जातात.

फ्लेमिश जायंट ही बेल्जियममधल्या गेंट शहराच्या परिसरात घडलेली जात आहे. अमेरिकेतल्या ससे-पालकांच्या संघटनेच्या प्रमाणानुसार प्रौढ नराचे वजन किमान ५.९ किलो आणि मादीचे किमान ६.३५ किलो असावे लागते. वरची मर्यादा नाही. ब्रिटनमधले प्रमाण याहून सैल आहे, तिथे मादी साधारण साडेपाच किलोंची चालते, पण रंग मात्र फक्त गडद पोलादी राखी हाच मान्य आहे. म्हणजे एकाच नावाच्या जातीबाबतही देशागणिक कसोटी वेगळी आहे. आपल्याकडे सर्वसामान्य पालकाच्या सशाला अशी कसोटी लावणारे कोणी नाही आणि वंशावळीचा कागदही नसतो, त्यामुळे विकणारा म्हणेल ती जात ठरते.

फोटोवर तर मुळीच विसंबू नये. माणसाने ससा दोन्ही हातांत धरून कॅमेऱ्यापुढे केला की तो अवाढव्य दिसतो. जगातला सर्वांत लांब ससा म्हणून २०१० मध्ये गिनेस नोंद झालेला डॅरियस १२९ सेंटिमीटर लांब होता आणि तो काँटिनेंटल जायंट जातीचा होता. त्याचे छायाचित्र आंतरजालावर फिरते आणि लोक आपला चार किलोंचा ससा त्याच्या रांगेत बसवतात.

एक गोष्ट मात्र तपासण्याजोगी आहे. जायंट जातींचा बांधा लांबट असतो, खांद्यांच्या मागून पाठीची कमान सुरू होते, डोके रुंद आणि पुढच्या पायांची हाडे जाड असतात. मांसासाठी निवडलेल्या न्यूझीलंड व्हाइटसारख्या जातींचे अंग आखूड, गोल आणि मांड्यांत भरलेले असते. ससा आरामात बसलेला असताना त्याच्याकडे बाजूने आणि वरून पाहा. पोळीच्या आणि केसांच्या फुगवट्याला फसू नका.

काळीमाती

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे तपासले.

ती मादीच आहे. वजन ४ किलो ८५० ग्रॅम भरले. कान १५ सेंटिमीटरला थोडे कमी आहेत. गोंदलेला आकडा कुठेही नाही, पण उजव्या कानाच्या कडेला जुनी, भरून आलेली खाच आहे. तिथली कातडी टाचल्यासारखी आणि केस विरळ आहेत. फुंकर मारल्यावर केसांत तीन वलये स्वच्छ दिसली. कातडीलगत निळसर पाटीचा रंग आहे, मधला पट्टा पिवळट तपकिरी आहे आणि टोके काळी आहेत. नखे काळपट आहेत, परंतु डाव्या पुढच्या पायाचे एक नख पूर्ण पांढरे आहे आणि त्या बोटावरचे दोन-चार केसही पांढरे आहेत. पूर्णाकाठदादांनी सांगितल्याप्रमाणे तळवे उलटून पाहिले, तर दोन्ही मागच्या पायांना टाचेजवळ केस नसलेला, गुलाबी, कडक घट्टा आहे. जखम नाही.

बांधा वरून पाहिला तर लांबट वाटतो, पण मागची बाजू चांगली भरलेली आहे. पाठीवरून हात फिरवल्यास कण्याचे मणके बोटांना थोडे टोचतात. आजवर गवत रचणे किंवा केस उपटणे असे काही दिसलेले नाही.

पशुवैद्य_वऱ्हाड

उत्तम तपासणी केली आहे. आता एकेक शक्यता गाळत जाऊ.

न्यूझीलंड व्हाइट ही जात, नाव काही असले तरी, अमेरिकेत घडलेली आहे. ती पूर्ण पांढरी आणि लाल डोळ्यांची असते, त्यामुळे शुद्ध न्यूझीलंड व्हाइट हा पर्याय रंगावरूनच बाद होतो. सोव्हिएत चिंचिला आपल्या शेडमध्ये सर्रास आढळत असे आणि लांबून पाहिल्यास रानरंगाच्या सशाशी तिची गल्लत होते. चिंचिला आणि व्हाइट जायंट यांच्या संकरातून ती जात तयार झाली. पण चिंचिला रंगाची खूण अशी की केसांतला मधला पट्टा मोतिया पांढरा असतो. पिवळा रंग तिथे येतच नाही. तुमच्या सशाचा मधला पट्टा पिवळट आहे, म्हणजे हा खरा रानरंग आहे आणि चिंचिलाही बाद झाली.

उरतो ग्रे जायंट. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेची राजस्थानातल्या अविकानगरला आणि तमिळनाडूत कोडाईकनालजवळच्या मन्नवनूरला केंद्रे आहेत, आणि आपल्या देशात मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या सशांच्या विदेशी जातींवर तिथे बरेच काम झाले आहे. व्हाइट जायंट, ग्रे जायंट, सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट ही नावे पालकांपर्यंत पोहोचली ती याच विदेशी जातींच्या प्रसारातून. ग्रे जायंटमध्ये फ्लेमिशचे रक्त आहे, त्यामुळे तुमच्या भाच्याचे म्हणणे अगदीच वाऱ्यावरचे नाही, फक्त ते दोन पायऱ्या मागचे आहे. रानरंग, लांबट बांधा आणि पाच किलोंच्या आसपासचे वजन या तिन्ही गोष्टी ग्रे जायंटकडे बोट दाखवतात. मणके हाताला लागतात म्हणजे ती सध्या थोडी उतरलेली आहे. अंग धरल्यावर पाच किलो सहज ओलांडेल.

मात्र तिला शुद्ध ग्रे जायंट म्हणायला मी तयार नाही. भरलेल्या मांड्या मांसाच्या जातीचे मिश्रण सुचवतात. कानातली खाच बिल्ला ओढला जाऊन फाटल्याची असू शकते, तशी ती भांडणातलीही असू शकते, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकणार नाही. टाचेचे घट्टे मात्र जाळीच्या पिंजऱ्याचे आहेत, आणि तिथे पूर्णाकाठ यांचा तर्क बळकट होतो. दवाखान्याच्या नोंदीत मी 'ग्रे जायंट वळणाची संकरित प्रौढ मादी' असे लिहिले असते.

संत्रानगरी

माझेही मत त्याच बाजूला झुकते, आणि ते पांढऱ्या नखामुळे. रंगीत सशाच्या पायाचे एखादे नख पांढरे असणे हा प्रदर्शनात बाद ठरवण्याचा दोष मानला जातो, कारण त्यावरून वंशात कुठेतरी पांढऱ्या ठिपक्यांचा किंवा पट्ट्यांचा अंश दडलेला असल्याचा संशय येतो. कपाळावरचा ठिपका त्याच जोडीतला आहे. डच जातीच्या सशांच्या चेहऱ्यावर, गळ्यात आणि पायांवर ठरलेले पांढरे भाग असतात, आणि तो अंश अर्धवट उतरला की असे सुटे ठिपके दिसतात. प्रयोगशाळांत आणि घरोघरी डच ससे पाळले गेले आहेत, तेव्हा एखादी आजी किंवा पणजी त्यांतली असू शकते. हा तर्कच आहे, पण नख आणि ठिपका या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून तो मांडतो.

दुसरे म्हणजे, पांढऱ्या लाल डोळ्यांच्या सशाच्या पोटी रानरंगाची पिल्ले होऊ शकतात. अशा पांढऱ्या सशात रंगाचे गुण नसतात असे नाही. रंग उमटू न देणारा गुण जोडीने आलेला असल्याने बाकीचे सगळे झाकलेले राहतात. दुसऱ्या पालकाकडून रंग उमटवणारा गुण मिळाला की झाकलेलेही उघडे पडते. म्हणून या मादीचा रंग पूर्ण ग्रे जायंटचा असला, तरी तिची आई किंवा बाप शुभ्र पांढरा असू शकतो. कोणी सुचवले की तिला एखादा नर दाखवून पिल्लांवरून जात ओळखा, तर ते मनावर घेऊ नका. त्यातून जात कळणार नाही, आठ-दहा पिल्लांची जबाबदारी तेवढी वाढेल.

कानांच्या लांबीवरूनही निष्कर्ष काढताना जपावे. जायंटचे कान पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जातात हे खरे, पण उष्ण हवेत वाढलेल्या सशांचे कान थंड हवेत वाढलेल्यांपेक्षा लांब होतात, कारण सशाला घाम येत नाही आणि अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. आपल्या शेडमध्ये वाढलेल्या सशाला युरोपातली पट्टी जशीच्या तशी लावता येत नाही.

पूर्णाकाठ

वयाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून विचारतो. ही आणखी वाढेल का? आमच्याकडच्या पांढऱ्या सशांची वाढ पाच-सहा महिन्यांत जवळपास पुरी व्हायची. मोठे रानरंगी मात्र वर्षभर हाडापेराने वाढत राहिलेले मी पाहिले आहेत.

पशुवैद्य_वऱ्हाड

निरीक्षण बरोबर आहे. मोठ्या जातींची वाढ सावकाश होते आणि वर्ष-सव्वा वर्षापर्यंत चालू राहते. परंतु या मादीची पोळी पूर्ण उतरलेली आहे आणि टाचेचे घट्टे जुने आहेत, त्यावरून तिची उंची-लांबी आता वाढेल असे वाटत नाही. वजन तेवढे भरून येईल. वर्ष उलटल्यानंतर सशाचे नेमके वय दातांवरून किंवा नखांवरून सांगता येत नाही, कारण दात आयुष्यभर वाढत आणि झिजत राहतात.

जातीपेक्षा वजनाचा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. त्या अनुषंगाने एक सावधगिरी सांगून ठेवतो. जनावरांच्या गोचीड-पिसवांसाठी घरात असलेले कोणतेही औषध तिच्या अंगावर टाकू नका. कुत्र्यांना सर्रास वापरले जाणारे फिप्रोनिल सशाला विषारी ठरते. तसेच पेनिसिलिन गटातली औषधे सशाला तोंडावाटे दिल्यास आतड्यातले उपयोगी जंतू मरून प्राणी दगावू शकतो. कानात पापुद्रे धरले किंवा ती सतत कान झटकू लागली, तर ती खरूज असते आणि तिच्यावर चांगला उपाय आहे, पण तो वजन करून डॉक्टरांच्या हातूनच व्हावा.

मोर्णातीर (अकोला)

जातीची चर्चा वाचली, त्यात भर घालण्याइतके माझ्याजवळ काही नाही. पण ताईंनी उन्हाळ्याबद्दल विचारले होते आणि त्याचे उत्तर राहून गेले. मी अकोल्यात, म्हणजे पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावात, असाच एक मोठा राखी ससा सांभाळतो.

मोठ्या अंगाच्या सशाला उष्णता लहान सशापेक्षा जास्त जाचते. तापमान तिशीच्या वर गेले की तो लांब पसरतो आणि श्वास जलद होतो. त्याहून वर त्याचे प्राण धोक्यात येतात. त्यामुळे तिला टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. तुमच्याकडे मातीच्या भिंतींची, कवेलूची खोली असेल तर ती सर्वांत चांगली. खिडकीला ओले पोते टांगा, पण त्यातून हवा खेळती राहील असे पाहा, कारण कोंदट ओलावाही सशाला मानवत नाही. बाटलीत गोठवलेले पाणी फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवले की ती आपण होऊन त्याला टेकून बसते. दुपारी कानांच्या बाहेरच्या बाजूवरून ओला हात फिरवावा. थंड पाण्यात बुचकळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, त्या धक्क्याने ससा जागीच मरू शकतो.

टाचेचे घट्टे पाहता जाळीचा पिंजरा आता नकोच. शेणाने सारवलेली कोरडी जमीन आणि तिच्यावर गवताचा थर तिच्या पायांना पुरे आहे. ती बिळे उकरते, म्हणून भिंतीच्या कडेने फरशीचे तुकडे पुरून घ्या, नाहीतर एका रात्रीत ती कोठ्यात निघेल आणि तिथून बाहेर पडेल. बाहेर कुत्री आणि मुंगूस आहेतच.

खाण्यात वाळले गवत मुख्य असू द्या. हरळी, तुरीचा पाला आणि लसूणघास थोडाथोडा द्या. सोयाबीन किंवा दुसरे धान्य मूठभरसुद्धा नको. धुऱ्यावरचे गवत कापण्याआधी तिथे तणनाशक किंवा कपाशीचा फवारा उडालेला नाही याची सालदाराकडून खात्री करून घ्या. मी माझ्या सशासाठी घरामागे हरळीचा एक वाफा वेगळा राखला आहे आणि त्याला भांडी धुतलेले पाणीसुद्धा जाऊ देत नाही.

काळीमाती

मोर्णातीरदादा, कवेलूची जुनी खोली रिकामी आहे. सध्या तिथे कापूस भरला आहे, तो विकला गेला की तिला तिकडे हलवते. पशुवैद्य साहेबांनी सुचवलेले शब्द जसेच्या तसे वहीत लिहून घेतले आहेत. काकांना गुणसूत्रांचे सांगितले, त्यांना पटलेले नाही. भाचा म्हणतो, साडेपाच किलो भरले तर ब्रिटनच्या हिशेबाने त्याचेच बरोबर. रंगाची अट त्याला अजून सांगायची आहे.